नेढे राजगडाला, दरी आपल्या पाटण्याला

महोदय,

राजगडाचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, पाहायला आमच्या चाळीसगावची पोरे रातोरात पुण्याकडे निघतात. जरूर जावे. पण १८ किलोमीटरवरची पाटणादेवीची दरी त्यांच्यापैकी कितींनी पाहिली आहे? दरीतल्या केदारकुंडाची वाट आमच्या सात वर्षांच्या नातीलाही झेपली. दोन्हीकडे काळा कातळ. मऊ थर झिजून आत गेलेला, कठीण थर छज्जासारखा पुढे आलेला. नेढेही असेच पडते, हे तिला तिथेच दाखवता आले. शिवाय भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शके ११२८ चा शिलालेखही इथलाच.

कुंडाकाठी कळण्याची भाकरी नि ठेच्याची शिदोरी उघडली, तर शेजारच्या खळग्यात वेफर्सची पाकिटे तरंगत होती! संबंधितांनी पायथ्याशी कचरापेटी ठेवावी आणि वाटेवर चार बाण रंगवावेत.

– एक वाचक, चाळीसगाव