‘अरे, आता पडायचं असतं!’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हवेत झेप घेऊन लाथेने कौलं फोडणाऱ्या मुलीचं छायाचित्र आपल्या अंकात पाहिलं. खाली ओळ होती, ‘स्वसंरक्षणाचे धडे’. उडी झकासच होती. ओळीबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तशीच ओळ माझ्या कराटे वर्गाच्या फलकावर बावीस वर्षं होती.

मागच्या वर्षी माझ्या एका ब्राउन बेल्ट विद्यार्थिनीबरोबर तिचा नऊ वर्षांचा भाऊ आला होता. गंमत म्हणून त्याला म्हटलं, ताईचा हात धर आणि सोडू नकोस. त्याने दोन्ही हातांनी तिचं मनगट आवळलं. तिने शिकवल्याप्रमाणे पाऊल वळवलं, कोपर फिरवलं, हिसका दिला. वर्गातली जोडीदार नेमकी इथेच गिरकी घेऊन पडते. हा पठ्ठ्या लोंबकळत राहिला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. शेवटी ती वैतागून म्हणाली, “अरे, आता पडायचं असतं!”

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोप लागेना. जोडीदाराने कधी पडायचं, हे मीच तर शिकवलं होतं. पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात ओढायचा, हे तिला तोंडपाठ होतं. दोन हातांनी धरलं तर आपलीच मूठ दुसऱ्या हाताने पकडून सगळं अंग मागे टाकायचं, हेही माहीत होतं. समोरचा ओढत असताना ते करून पाहायची वेळ मात्र तिच्यावर कधी आलीच नव्हती.

चाकूच्या सरावात तर आम्ही कहरच करतो. लाकडी चाकू एकदा पुढे येतो आणि तिथेच थांबतो, मग आपण सावकाश तीन-चार तंत्रं दाखवतो. चाकू घेऊन खरोखर अंगावर येणारा हात मागे घेऊन पुन्हा पुन्हा भोसकणार. एकदा मी विद्यार्थ्याच्या हाती चाकूऐवजी लाल मार्कर दिला आणि म्हटलं, थांबू नकोस. दहा सेकंदांत माझ्या पांढऱ्या गणवेशावर अकरा रेघा. कमरेला ब्लॅक बेल्ट होता, तरी!

जिगोरो कानो यांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. १८८२ साली त्यांनी ज्युदो सुरू केला. धोकादायक डाव कातापुरते, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते ठेवले आणि उरलेले डाव प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर मोकळेपणाने लावायला शिकवले. त्यालाच रांदोरी म्हणतात. आमच्याकडे स्पर्धा असतात, पण त्यांचं गणित वेगळं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कराटेच्या सर्वांत वरच्या वजनगटाच्या अंतिम लढतीत सौदी खेळाडूची लाथ बसून इराणचा खेळाडू बेशुद्ध पडला. सुवर्णपदक त्या पडलेल्यालाच मिळालं, कारण लाथेवर ताबा नव्हता. खेळ म्हणून हा नियम योग्यच. पण वर्षानुवर्षं ठोसा अंगापाशी आवरायची सवय लावायची आणि पालकांना सांगायचं की मुलगी आता सुरक्षित आहे, हे मला पटेनासं झालंय. बरं, आरडाओरडा करून पळ काढणं हा खरा पहिला धडा, पण पळण्याची परीक्षा घेऊन पट्टा देणारा वर्ग मी तरी पाहिलेला नाही.

काता आणि उंच लाथा बंद करा, असं मी म्हणत नाही. मुलं उडी मारायला येतात, मनगट सोडवायला नाही. आणि पन्नाशीनंतर मी जिन्यावरून घसरले तेव्हा हनुवटी छातीला टेकवून तळहात आपटत पडले, ते त्याच तालमीमुळे. डोकं वाचलं. मागणी एवढीच, की कौलं फोडण्याला प्रात्यक्षिक म्हणावं. आपणही छायाचित्राखाली तेवढंच छापावं. मी माझ्या फलकावरची ओळ पुसली आहे आणि प्रत्येक तासातली वीस मिनिटं हट्टी जोडीदारासाठी राखली आहेत. पालकांपैकी काहींना ती झोंबाझोंबी बघवत नाही. दोघांनी मुलं काढूनही घेतली.

तो भाऊ आता दर शनिवारी येतो. कधी पडायचं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. गेल्या शनिवारी त्याने आठ वेळा हात धरला, ताईने तीनदा सोडवला.

आपली,
एक कराटे प्रशिक्षिका