बर्फातला रस्ता

अँकरेज, अलास्का
३ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

उत्तराला महिना लागला, शिव्या घाल. पण आधी हे वाच. रस्ते-पूल करण्यात जन्म गेलेल्या माणसालाच सांगावं असं काही हाती लागलंय.

आमच्या शेजारच्या आजी कृष्णवर्णीय, मूळच्या अलाबामाच्या. मी त्यांना 'काकू' म्हणतो. अर्थ सांगितल्यापासून ओ देतात. नवऱ्याची इथल्या हवाई तळावर बदली झाली आणि त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या आधी आलेल्यांच्या वेळी तर काही घरांच्या खरेदीखतातच काळ्यांना विकू नये अशी अट असे. मग लोक ईस्टचेस्टर फ्लॅट्सला राहिले, तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर. १९५१-५२ मध्ये त्यांची दोन बाप्टिस्ट चर्चं उभी राहिली. काकूंचा अजूनही एक रविवार चुकत नाही. परवा चर्चमधल्या जेवणाला मलाही नेलं. हॅलिबट माशाच्या तुकड्या मक्याच्या पिठात घोळवून तळलेल्या. रव्यातली सुरमई आठवून गप्प बसलो.

तिथेच विषय निघाला अलास्का हायवेचा. काकूंचे मामा १९४२ साली त्यावर राबलेले. जपानी हल्ल्याची धास्ती, म्हणून अमेरिकी लष्कराने कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून इथल्या डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरचा कच्चा रस्ता आठ-नऊ महिन्यांत काढला. दहा हजारांवर सैनिक, त्यातले साधारण एक-तृतीयांश काळे. त्यांच्या पलटणी वेगळ्या, अधिकारी गोरे. इथला सेनापती बकनर, त्याला हे लोक मुळातच नको होते. युद्धानंतर इथेच राहतील, स्थानिकांत मिसळतील ही भीती. त्यामुळे त्यांना गावांपासून लांब ठेवलं.

आता तुझ्या कामाचं. इथली जमीन खाली कायम गोठलेली. वरचं शेवाळ खरवडलं की ऊन लागून नुसता चिखल; बुलडोझर रुतायचे. शेवटी शेवाळ तसंच ठेवून त्यावर ओंडके आडवे अंथरायचे आणि वर माती टाकायची, ही युक्ती सापडली. काळ्यांच्या ९५ व्या रेजिमेंटची यंत्रं गोऱ्या पलटणीकडे गेली होती. यांच्या हाती कुऱ्हाडी, करवती, फावडी. तरीही सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल त्यांनी चार दिवसांच्या आत उभा केला! गोठवणाऱ्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून, रात्री ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात. तुझ्या खात्यात तेवढ्या वेळात निविदेचं पाकीटही फुटत नाही.

२५ ऑक्टोबरला बीव्हर क्रीकजवळ दोन्ही बाजूंचे बुलडोझर समोरासमोर आले. एकावर ९७ व्या रेजिमेंटचा काळा कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स, दुसऱ्यावर गोरा शिपाई आल्फ्रेड जालुफ्का. मामा घरी परतले तेव्हा इथल्या थंडीचं वर्णन ऐकून गाववाले हसत, म्हणे. पोरांनी त्यांचं नावच 'फेकाडे मामा' पाडलेलं.

गेल्या शनिवारी काकूंना घेऊन डेल्टा जंक्शनच्या पुढे गेर्स्टल नदीवर गेलो. १९९३ साली तिथल्या पुलाला या काळ्या सैनिकांच्या स्मरणार्थ नाव दिलं. गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागला. पाटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मामा फेकत नव्हते."

परतीचा सहा-सात तासांचा रस्ता त्या निवांत झोपल्या.

तुझ्या खाडीवरच्या पुलाच्या उद्घाटनाचा फोटो पाहिला. मंत्र्यांमागे, डोक्याला पंचा बांधून उभे होते ते कोण? कळव. आणि पार्सलात गोडा मसाला दुप्पट टाक. काकूंना चटक लागलीय.

तुझाच,
अण्णा