रेडिओवरच्या ताई, त्या रात्रीसाठी थँक्यू

ताई, नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही, चेहरा तर कधी बघितलाच नाही, पण आवाज कुठेही ऐकला तरी ओळखेन. पुराच्या त्या रात्री लाईट गेलेली, सगळेच एकदम फोन लावायला लागले म्हणून नेटवर्क जाम झालं आणि थोड्या वेळाने रेंजच गेली. उरला तो वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर, सेलवर चालणारा.

खरं सांगू, पाण्यापेक्षा जास्त भीती अफवेची वाटली. "धरण फुटलं" असं कुणीतरी ओरडत गेलं आणि माणसं लेकरांना कडेवर घेऊन अंधारात पाण्यातच उतरायला निघाली, कुठे जायचं ते कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात तुम्ही बोललात. धरण फुटलेलं नाही, दरवाजे उघडलेत, पाणी अजून वाढेल, वरच्या मजल्यावर जा, वाहत्या पाण्यात उतरू नका. मग जरा थांबून "पुन्हा सांगते" म्हणालात आणि तेच सगळं, त्याच शब्दांत, अजिबात घाई न करता. शेजारच्या खिडकीतून पण तुमचाच आवाज येत होता, समोरच्या घरातूनही. मी घसा फोडून सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं हो, पण सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी ऐकली ना, त्यामुळे कुणाला कुणाची समजूत घालत बसावं लागलं नाही, अख्खी गल्ली जिने चढायला लागली.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. रेडिओचं कसं असतं, ऐकणारे दहा असोत की दहा लाख, लाईन जाम होत नाही. २००४ च्या त्सुनामीत भूकंप झाल्याचं यंत्रांना काही मिनिटांत कळलं होतं, श्रीलंकेपर्यंत लाट यायला जवळपास दोन तास लागले, पण हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती, किनाऱ्यावरच्या माणसाला सांगणारं कुणी नव्हतं. सगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली. ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आणि १९१२ मधलं टायटॅनिक. जवळच्या एका जहाजावरचा वायरलेसवाला मशीन बंद करून झोपलेला, त्यामुळे मदतीची हाक त्याला ऐकूच गेली नाही. लांबच्या कार्पेथिया नावाच्या जहाजाने ती ऐकली म्हणून ७०० च्या वर लोक वाचले. पुढे १९१४ च्या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजांवर चोवीस तास वायरलेस ऐकत राहायचा नियम आला. हे वाचताना तुमचीच आठवण आली, कारण तुम्ही जाग्या होतात.

आता मोबाईलवर तो मोठ्ठा बीप वाजून अलर्ट येतो, टॉवरच्या टप्प्यातल्या फोनांवर एकदम, कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही. चांगलीच सोय आहे, वैतागून बंद करू नका असं मी सगळ्यांना सांगत असतो. पण त्या रात्री टॉवरच गप्प होते, बोलत होतात त्या तुम्ही.

पहाटे कधीतरी तुमचा आवाज बसला, ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला आणि तुम्ही परत म्हणालात, "पुन्हा सांगते". तुमचं घरही त्याच पावसात होतं ना ताई? तुमच्या घरचे तेव्हा कुठे होते, हे विचारायचं राहूनच गेलं. सगळे सुखरूप असतील अशी आशा आहे. खूप खूप आभार.