पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगांवर चुकीचा आकडा : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फोर्क स्प्रिंगांवर छापलेला रेट (स्प्रिंग १ मिमी दाबायला लागणारा भार) आणि प्रत्यक्ष रेट यांतली तफावत, पूर्ण परतावा आणि लेखी खुलासा मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

हलक्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांसाठीचं तुमच्या कंपनीचं सस्पेन्शन किट मी घेतलं. त्यात पुढच्या फोर्कच्या दोन स्प्रिंगा, मागच्या शॉकची एक स्प्रिंग आणि प्रीलोडसाठी, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्यासाठी, दोन स्पेसर आहेत. पुढच्या स्प्रिंगांच्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘०.४५ किलो प्रति मिमी’ छापलेलं आहे. त्या स्प्रिंगा ०.३७च्या आहेत. मी मोजून पाहिल्या आहेत. कशा मोजल्या ते खाली सविस्तर लिहिते, कारण तुमच्या ग्राहक सेवेकडून आतापर्यंत आलेल्या उत्तरांत माझ्या मोजमापाबद्दल एक शब्दही नाही. सगळा भर माझी गाडी जुनी आहे यावर.

गाडी जुनी आहेच. २०० सीसीची, एअर-कूल्ड, कार्बोरेटरवाली. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, मागे ड्रम ब्रेक. कच्च्या वाटेवर आडवी झाली तर मला एकटीला उभी करता आली पाहिजे, ही पहिली अट होती, म्हणून हलकी गाडी शोधून घेतली. बराच काळ उभी होती. कार्बोरेटर उघडला तेव्हा पायलट जेट पार बुजलेलं होतं आणि फ्लोट बाउलच्या तळाशी सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर होता. जेट काढून साफ केले, ओ-रिंग बदलल्या, टाकीचा गंज काढला, पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर नवे टाकले. हँडल मध्यावर आलं की खाचेत अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) बदलला. चाकांची बेअरिंगं, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट सगळं नवं. मागचं स्प्रॉकेट ४५ दातांचंच ठेवून पुढचं १५ऐवजी १४चं बसवलं. गुणोत्तर ३वरून ३.२१ झालं, म्हणजे फरक सात टक्क्यांचा, पण खड्या चढावर क्लच दाबत-सोडत राहायची कटकट बरीच कमी झाली. नंतर रुंद अॅल्युमिनियमचं हँडल, हँडगार्ड, इंजिनाखाली स्किड प्लेट आणि मागे सामानाचा रॅक.

हे तुम्हाला सांगते आहे त्याला कारण आहे. सस्पेन्शनचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गाडीवर काय काय चढणार आणि त्याचं वजन किती, हे नक्की झाल्याशिवाय स्प्रिंग निवडता येत नाही. तुमच्या वेबसाइटवरही चालवणाऱ्याचं आणि सामानाचं वजन भरायला लावतात. मी काट्यावर तोलून खरे आकडे भरले आणि तुमच्याच तक्त्याने मला ०.४५ची स्प्रिंग सुचवली.

जुन्या स्प्रिंगांवर मी हेल्मेट-बूट-जॅकेटसह बसले की पुढचा फोर्क ८५ मिमी दबायचा. एकूण ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त जितका दबू शकतो ते अंतर, २०० मिमीच्या आसपास. बसल्या जागी ट्रॅव्हलचा साधारण तिसरा हिस्सा दबावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, म्हणजे ६५ ते ७० मिमी. ८५ मिमी आधीच खर्च झाल्यावर खड्ड्यासाठी उरणार किती? दगडावरून उतरताना फोर्क तळाला आपटायचा आणि तो दणका थेट मनगटात यायचा. स्प्रिंग बदलणं गरजेचंच होतं.

तुमच्या स्प्रिंगा बसवताना ऑइल सील बदलले, जुनं काळं झालेलं ऑइल पूर्ण निथळू दिलं, नवं ऑइल सर्व्हिस मॅन्युअलमधल्या ग्रेडचं घेतलं आणि त्याची पातळी स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत मोजून दोन्ही बाजूंना सारखी ठेवली. स्पेसर तुमचेच, न कापता. मग पुन्हा सॅग, म्हणजे बसल्या जागी फोर्क किती दबतो ते, मोजला. हिशोबाने तो ६५ मिमीच्या जवळ यायला हवा होता. आला ८२. सीलच्या घर्षणामुळे गाडी खाली दाबून सोडली तर एक आकडा येतो आणि वर उचलून सोडली तर दुसरा, म्हणून दोन्हींची सरासरी घेतली आहे. पुन्हा पुन्हा मोजलं तरी सरासरी ८२च.

इथे मला पहिल्यांदा शंका आली आणि मी स्प्रिंगा परत बाहेर काढल्या.

ड्रिल मशीनच्या स्टँडखाली डिजिटल वजनकाटा ठेवला. त्यावर स्प्रिंग उभी केली, वाकू नये म्हणून आतून पाइप घातला, आणि वरून ड्रिलच्या स्पिंडलने हळूहळू दाबत नेली. खोली मोजायला स्टँडची पट्टी होतीच, तिच्यावर न विसंबता व्हर्नियरही लावला. स्प्रिंग थोडी दाबून घेतल्यावर तिथे शून्य धरला आणि तिथून पुढे ५० मिमी दाबली. ०.४५ची स्प्रिंग असेल तर काट्यावर २२.५ किलो वाढले पाहिजेत. वाढले १८.५. दुसरी स्प्रिंग लावली, तेच. मग फोर्कमधून काढलेली जुनी मूळ स्प्रिंग लावली. तिच्यावरही काट्याची वाढ १८ ते १८.५च्या मध्येच आली. काट्यावर शंका नको म्हणून २० लिटर पाणी मोजून ठेवलं. काट्याने डबा वजा जाता २० किलो दाखवले.

म्हणजे ज्या कडकपणाची स्प्रिंग मी काढून टाकली, त्याच कडकपणाची तुमच्याकडून विकत घेऊन परत आत घातली.

काटा सोडून द्या, व्हर्नियर पाहा. तुमच्या स्प्रिंगेची तार ४.० मिमी जाडीची आहे, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास २८ मिमी आणि काम करणारी वेटोळी ५०. वेटोळ्याच्या स्प्रिंगेचा रेट तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि वेटोळ्याच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घाताप्रमाणे कमी होतो. वेटोळी जितकी जास्त तितकी स्प्रिंग मऊ. स्प्रिंग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात हे सूत्र पहिल्या दिवसापासून माहीत असतं. माझी मापं त्यात घाला, स्प्रिंगच्या पोलादासाठी नेहमीचा आकडा धरा, उत्तर ०.३७ येतं. हीच स्प्रिंग ०.४५ची व्हायची तर तार ४.२ मिमी लागते. फरक ०.२ मिमीचा, डोळ्यांना कळतही नाही, पण चौथ्या घातामुळे कडकपणात एकवीस-बावीस टक्क्यांचा होतो. माझा अंदाज असा की पाकिटात भलतीच स्प्रिंग भरली गेली किंवा त्या लॉटला तारच चुकीची वापरली गेली. नेमकं काय घडलं ते शोधणं तुमचं काम आहे आणि ते तुम्ही करावं असा माझा आग्रह आहे.

किटमधली मागची स्प्रिंग मात्र चोख आहे, हेही लिहायला हवं. तिच्यावर मागचा सॅग पहिल्याच मोजणीत बरोबर आला, रंग चांगला, टोकं सफाईने घासलेली. पण त्यामुळेच गोष्ट जास्त बिघडली. मागची बाजू वर उचलली गेली आणि पुढची होती तिथेच राहिली, म्हणजे गाडी नाकावर झुकली. फोर्कचा कोन उभा झाला, आणि पुढचं चाक सरळ ठेवणारं अंतर, म्हणजे ट्रेल, कमी झालं. सैल खडीवर पुढचं चाक आधीपेक्षा जास्त भिरभिरतं. उतारावर पुढचा ब्रेक लावला की फोर्क खोल जातो, मागचं चाक हलकं पडतं आणि ड्रम ब्रेक धरायच्या आत ते लॉक होतं. किट बसवण्याआधी निदान दोन्ही बाजू सारख्या मऊ होत्या. गाडी डुलायची, पण काय करणार हे कळायचं. आता ती मी कच्च्या उतारावर नेत नाही. ज्या कामासाठी गाडी उभी केली तेच बंद आहे. ज्याने सॅग मोजलाच नसेल तो असा उतार उतरायला जाईल, याची मला खरी काळजी वाटते.

आता तुमची उत्तरं. आधी सांगितलं की फोर्कमध्ये ऑइल थोडं वाढवा. ऑइलची पातळी वाढवली की वरची हवेची जागा कमी होते आणि ती हवा ट्रॅव्हलच्या शेवटच्या भागात घट्ट होते. तळाला आपटणं त्याने कमी होईल, बसल्या जागचा सॅग त्याने फारसा हलत नाही. मग जाड ऑइल घाला असा सल्ला आला. जाड ऑइल फोर्कची हालचाल मंद करतं, गाडीचं वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगेचं. नंतर लांब स्पेसर घालायला सांगितलं. त्याने गाडी वर उचलली जाईल आणि सॅगचा आकडा कागदावर सुंदर दिसेल, पण स्प्रिंग ०.३७ची ती ०.३७चीच राहील. शिवाय फोर्क मोकळा सुटताना वरच्या टोकाला आदळायला लागेल तो वेगळाच. हे तिन्ही उपाय बरोबर रेटची स्प्रिंग आत असताना बारीक जुळवाजुळव करायला आहेत. चुकीच्या स्प्रिंगेवर ते इलाज नाहीत.

आणि शेवटचं उत्तर, ज्यावर तुम्ही माझी तक्रार बंद केलीत : ‘गाडी वापरलेली असल्याने आधीच्या मालकाने केलेल्या बदलांची जबाबदारी कंपनी घेऊ शकत नाही.’

स्प्रिंग मोजली तेव्हा ती गाडीत नव्हती. टेबलावर होती, एका काट्यावर. आधीच्या मालकाने फोर्कचं काहीही केलेलं असो, तुमच्या पाकिटातून निघालेल्या तारेची जाडी तो बदलू शकत नाही. जुनी स्प्रिंग मोजायला घेतली म्हणून तुमच्या प्रतिनिधीने ‘ती थकून मऊ झालेली असेल’ असंही फोनवर सांगितलं. स्प्रिंग वापराने थकून बसते तेव्हा तिची मोकळी लांबी कमी होते, रेट जवळपास तोच राहतो. आणि ती थकलेली होती असं घटकाभर धरलं, तर तुमची कोरी स्प्रिंग तिच्याइतकीच मऊ का, याचंही उत्तर लागेल.

उदाहरणार्थ, तुमच्या कॅटलॉगमध्ये यामाहा एक्सटी२२५ ही ड्युअल-स्पोर्ट गाडी आहे. २००८ साली तिची जागा एक्सटी२५०ने घेतली. आज एक्सटी२२५साठी स्प्रिंग मागवणाऱ्या प्रत्येकाची गाडी जुनीच असणार, आणि बहुतेकांनी ती दुसऱ्याकडूनच घेतलेली असणार. कॅटलॉगमधल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचं असंच आहे. जुन्या गाड्यांसाठीच माल विकायचा आणि तक्रार आली की गाडी जुनी आहे म्हणायचं, हे मला मान्य नाही. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला तर छापील आकड्याची गरज जास्त असते. गाडीत आधी कोणी काय केलं, काय झिजलं, काय वाकलं, हे आम्ही एकेक तपासत जातो. अशा वेळी नव्या आणलेल्या भागावरचा आकडा हीच एक गोष्ट पक्की धरलेली असते. ती चुकीची निघाली की माणूस भलतीकडे शोधत बसतो. मीही आधी फोर्कच्या नळ्या वाकल्यात का, बुशिंग अडकतंय का, हे सगळं उघडून पाहिलं. त्यात काही नव्हतं. बदललेले सील आणि ऑइल मात्र वाया गेले, कारण फोर्क पुन्हा खोलावा लागला.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पुढच्या स्प्रिंगांची पूर्ण रक्कम, परत पाठवण्याचा खर्च, आणि दुसऱ्यांदा लागलेल्या सील व ऑइलचा खर्च मला मिळावा. बदली स्प्रिंगा तुम्ही देऊ केल्यात तर त्या पाठवण्याआधी मोजून, मोजलेला रेट लिहून पाठवाव्यात; फक्त छापील पाकीट मी स्वीकारणार नाही. मागची स्प्रिंग मी ठेवते आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे, माझ्या पाकिटावर जो लॉट नंबर आहे त्या लॉटमधल्या उरलेल्या स्प्रिंगा विक्रीतून काढून तपासाव्यात आणि त्या ज्यांना विकल्या गेल्या त्यांना कळवावं. व्हर्नियरने तार मोजायला एक मिनिट लागतं. ४.० आली तर पाकीट चुकीचं आहे.

‘वापरलेली गाडी’ हे कारण देऊन बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. उत्तर अशा माणसाने लिहावं ज्याने माझ्या स्प्रिंगा हातात घेऊन मोजल्या आहेत. त्या दोन्ही मी मूळ पाकिटासह पाठवायला तयार ठेवल्या आहेत. पत्ता कळवा, त्याच दिवशी रवाना करते.

आपली ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, पाकिटाचा व लॉट नंबरचा फोटो, वजनकाट्यावरच्या मोजणीचा व्हिडिओ, व्हर्नियरचे फोटो (नवी आणि जुनी स्प्रिंग), तुमच्या ईमेलच्या प्रती