बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, मेक्सिको सिटीहून

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की त्या देशात सारखी क्रांती अन् सारखे मुडदे, तरी लोकांना त्याचा एवढा अभिमान कसला? तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून आता निवांत लिहितेय.

इथल्या शेंबड्या पोरालाही 1910, म्हणजे क्रांती सुरू झाली ते साल, पाठ असतं. हुकूमशहा पोर्फिरिओ दियास तीसेक वर्षं खुर्चीला चिकटून, जमिनी बड्या जमीनदारांच्या घशात, मग भडका उडणारच. पण पुढे क्रांतीवाल्यांनी एकमेकांनाच संपवलं हो. दियासनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मादेरोला 1913 मध्ये त्याच्याच सेनापतीने दगा दिला, शेतकऱ्यांचा पुढारी सापाता, त्याला 1919 मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष कारान्साच्या लोकांनी भेटीला बोलावून गोळ्या घातल्या, पुढच्या वर्षी कारान्सालाही मारलं, 1923 ला उत्तरेकडचा बंडखोर सेनानी पांचो व्हियाला. आणि आता मादेरो, कारान्सा, व्हिया तिघेही क्रांतीच्या स्मारकात एकाच घुमटाखाली! तो घुमटसुद्धा दियासने काढलेल्या संसदेचा, अर्धवट राहिलेला. सापाता मात्र तिथे नाही, तो त्याच्या भागातल्या कुआउत्ला गावालाच आहे, त्याच्या माणसांनी हलवूच दिला नाही, मारणाऱ्याच्या शेजारी कशाला ठेवतील?

मग सरकारने 1921 पासून सरकारी इमारतींच्या भिंती दिल्या चित्रकारांना रंगवायला. शिक्षणमंत्री वास्कोन्सेलोस म्हणायचा की आपण युरोपची नक्कल नाही, सगळ्या वंशांच्या मिश्रणातून झालेली नवीच माणसं आहोत, आणि नुसते मेक्सिकोवाले नाही तर अख्खा लॅटिन अमेरिका. इथल्या मोठ्या विद्यापीठाच्या चिन्हात देशाचा नाही, त्या सगळ्या भागाचा नकाशा आहे, एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला कोंडोर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं मोठं गिधाड. मूळच्या आदिवासींना या "मिश्रणात" कोणी विचारलं होतं का, हा माझा आगाऊ प्रश्न, इथे विचारला की लोक जरा गप्प होतात.

आता खास तुमच्यासाठी. शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेराचं एक चित्र आहे, टेबलाभोवती गरीब माणसं बसलीत आणि मधोमध भाकरी मोडून देणारा माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले, इंग्रजांनी घरी येऊ दिलं नाही म्हणून इथे आले, शहराजवळच्या चापिंगोच्या शेतकी शाळेत मका-गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. त्याच चापिंगोत रिव्हेराने सापाताला मातीखाली लाल कापडात गुंडाळलेला काढलाय आणि वर मका तरारलाय. चित्र बघून काटा येतो खरं, पण मला ते थोडं खोटंही वाटतं. रक्त सांडलं म्हणून मका येत नाही, खानखोजेंसारखं कोणीतरी उन्हात बियाणं निवडत बसावं लागतं.

आणि ज्या पक्षाच्या नावातच क्रांती होती, त्यांच्याच राज्यात 2 ऑक्टोबर 1968 ला, इथलं ऑलिम्पिक दहा दिवसांवर असताना, याच शहरातल्या त्लातेलोल्कोच्या चौकात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. किती गेले त्याचा आकडा अजून वादातच आहे. दरवर्षी त्या तारखेला मोर्चा निघतो, ऑफिसातले निम्मे लोक जातात. तर बाबा, अभिमान आहेच, पण मारामारीचा नाही, जमीन मागितली होती त्याचा, आणि सरकारने तो अभिमान स्वतःच्या नावावर लावून घेतला याचा राग पण तितकाच आहे.

आई, मी रात्री एकटी फिरत नाही, उगाच काळजी करू नकोस. बाबा, खानखोजे शेवटी नागपूरलाच राहायचे, तर त्यांना पाहिलेलं कोणी तुमच्या ओळखीत आहे का, जरा विचारून बघा ना.

तुमची,
छकुली