डिमॉलिशन डर्बी: धडकेआधीचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या डिमॉलिशन डर्बीवर, म्हणजे जुन्या गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळण्याच्या खेळावर, आपल्या पुरवणीत आलेली छायाचित्रे आणि मजकूर पाहिला. छायाचित्रे उत्तम आहेत. मजकुरातली दोन विधाने मात्र दुरुस्त व्हायला हवीत. भंगारातली कुठलीही गाडी मैदानात उतरवता येते, हे एक; आणि जो सर्वांत जोरात आदळतो तो जिंकतो, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत, आणि पहिले तर धोक्याचे आहे. १९५०च्या दशकापासून तिथल्या काउंटी फेअरमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या शेतकी जत्रांमध्ये, हा खेळ रंगतो. शेवटपर्यंत हलती राहील ती गाडी जिंकते. चेपल्यामुळे बाद होणाऱ्या गाड्यांपेक्षा पाणी सांडून, पेट्रोल थांबून, वायर तुटून किंवा चाक वाकून बाद होणाऱ्या गाड्या जास्त असतात. त्यामुळे निम्मी लढत गॅरेजमध्येच होते.

मोठ्या गाड्यांच्या गटात आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघतात. स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेली, मागच्या चाकांवर चालणारी लांब सेडान हवी असते: फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरीची ग्रँड मार्क्विस, लिंकनची टाउन कार, शेव्हर्लेची जुनी कॅप्रिस. क्राउन व्हिक्टोरियाचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. त्यातही २००३ पासून चासी आणि पुढची मांडणी बदलली, स्टीअरिंग रॅक-पिनियनचे, म्हणजे दातेरी पट्टी आणि छोट्या गिअरचे, झाले. म्हणून अनेक नियमावल्यांत २००३ पासूनच्या गाड्यांसाठी वेगळी कलमे असतात. १९६४ ते १९६६ या वर्षांतली क्रायस्लरची इम्पिरियल तर इतकी दणकट, की बऱ्याच ठिकाणी तिच्यावर नाव घेऊन बंदी आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा गट निराळा. त्यांचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढणारी चाके सगळे नाकाशीच असते, त्यामुळे तिथे नाक जपणे हाच खेळ.

गाडी आणल्यावर पहिले काम काढून टाकण्याचे. सगळ्या काचा, दिवे, प्लास्टिक, गालिचा, छताचे अस्तर, मागची सीट, बाहेरच्या चकचकीत पट्ट्या. काचा फोडून दरवाजाच्या पोकळीत सोडल्या तर पहिल्याच धडकेला त्या आतून उसळतात. पोकळीही साफ करावी लागते. एअरबॅग काढण्याआधी बॅटरीची वायर सोडून थोडा वेळ थांबायचे, कारण मॉड्यूलमध्ये वीज साठून असते.

आता पेट्रोल. या खेळातली सर्वांत मोठी भीती आगीची, आणि मजकुरात तिचा उल्लेखसुद्धा नाही. मूळ टाकी गाडीच्या मागच्या भागात असते आणि डर्बीत चालक मागच्या अंगानेच धडका देतो. म्हणजे ती टाकी तशीच ठेवणे हा थेट आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार. ती काढून मागच्या सीटच्या जागी, मध्यभागी, एक छोटी धातूची किंवा बोटीत वापरतात तशी टाकी बसवतात. ५-६ गॅलन, म्हणजे साधारण २० लिटर, पुरते. अनेक ठिकाणी त्याहून मोठी चालतही नाही. टाकी जमिनीच्या पत्र्याला आरपार बोल्टने किंवा पोलादी पट्ट्यांनी आवळलेली हवी. रबरी दोरी किंवा बारीक तारेने बांधलेली टाकी तपासणीतच परत जाते. मागचा पत्रा आत आला तरी टाकीला टेकणार नाही इतकी मोकळी जागा मागे लागते. पाइपाच्या प्रत्येक जोडाला क्लिप, आणि सायलेन्सरच्या नळीपासून अंतर.

इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, इंजिनाला ४० पीएसआयच्या (दाबाचे माप) आसपास दाब लागतो. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पुरतात. जास्त दाबाचा पाइप फुटला की पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून अनेक जण मुद्दाम कार्ब्युरेटरवर जातात. क्राउन व्हिक्टोरियाच्या डिकीत धक्का बसताच पेट्रोलपंप बंद करणारा स्विच असतो. रस्त्यावर तो जीव वाचवतो, डर्बीत मात्र पहिल्याच धडकेत गाडी बंद पाडतो, म्हणून त्याला बगल देतात. ही बगल दिली की चालकाच्या हाताशी, बाहेरूनही दिसेल असा, पंप तोडणारा स्विच हवाच. इंजिन बंद पडले तरी पंप चालू राहिला तर गरम इंजिनावर पेट्रोल सांडत राहते. बॅटरी चालकाशेजारच्या (तिथे उजव्या) सीटसमोर जमिनीवर, खोक्यात आवळून, टर्मिनलवर रबर टाकून. आणि बॉनेटला निदान १२ इंचांचे भोक, कारण बॉनेट साखळीने बांधलेले असताना आग विझवणाऱ्याला आत फवारा मारायला दुसरी वाट नसते.

पेट्रोलनंतर पाणी. रेडिएटरमध्ये फक्त साधे पाणी भरतात. कूलंट चालत नाही; तो विषारी असतो आणि मैदानावर सांडतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकतात. हीटरकडे जाणारे दोन होज पाइप इंजिनापाशीच एकमेकांना जोडून टाकायचे, नाहीतर डॅशबोर्डमागचा हीटर फुटला की उकळते पाणी चालकाच्या पायावर येते. रेडिएटरची जादा पाण्याची नळी जमिनीकडे वळवायची, तीही याच कारणासाठी. इंजिन ज्यांवर टेकते ती रबरी फाउंडेशन धडकेत तुटतात, इंजिन पुढे सरकते आणि पंख्याची पाती रेडिएटरमध्ये घुसतात. समोरच्याचा धक्का न लागताही रेडिएटर जातो तो असा. उपाय दोन: इंजिन साखळीने किंवा लोखंडी फाउंडेशनने चासीला पक्के करणे, आणि इंजिनावरचा पंखा काढून विजेवरचा लावणे. पाणी गेल्यावरही ओतीव लोखंडाचे इंजिन काही मिनिटे चालते. मग तेल पातळ होते, पिस्टन धरतात, म्हणजे अडकून बसतात, आणि तिथे कितीही दणकट चासी उपयोगाची नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल मूळ रचनेत रेडिएटरच्याच टाकीतून थंड होऊन येते. रेडिएटर गेला की पाण्याबरोबर गिअरही जातात. म्हणून वेगळा कूलर आत, चालकापासून दूर बसवतात. ते गरम तेलही पेट घेते, त्यामुळे तिथेही पक्के पाइप आणि क्लिप. डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीचे, आतले गिअर वेल्ड करून टाकतात. त्याने मागची दोन्ही चाके एकत्र फिरतात, नाहीतर चिखलात एक चाक नुसते घसरत राहते. मागून धडका बसून चासी चेपली की गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट पुढे रेटला जाऊन गिअरबॉक्सचे शेपूट फोडतो. आत-बाहेर सरकणारा शाफ्ट लावण्याचे कारण हेच.

मजबुतीकरणावर मात्र लगाम असतो. दरवाजे ९ नंबरच्या (जाडीच्या) तारेने बांधायचे की साखळीने की वेल्ड करायचे, आणि किती ठिकाणी, हे प्रत्येक गटात ठरलेले असते. चासीत सिमेंट ओतणे किंवा आतून लपवून पट्टी घालणे साध्या गटांत मना आहे. तपासनीस भोक पाडून आत पाहू शकतो. हा नियम केवळ बरोबरीसाठी नाही: गाडी चेपली नाही तर तो धक्का चालकाच्या मानेला बसतो. चालकाभोवतीचा भाग मात्र भक्कम हवाच. सीटमागे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आडवी नळी, डॅशबोर्डपाशी दुसरी, सीट जमिनीला बोल्टने, डोक्यामागे गादी, आणि चालकाचा दरवाजा आतून मऊ, बाहेरून पक्का.

चालवण्याबद्दल थोडेसे. मैदान मुद्दाम पाणी मारून चिखलाचे करतात, वेग वाढू नये म्हणून. शहाणा चालक रिव्हर्समध्ये जाऊन डिकीने धडक देतो आणि स्वतःचा रेडिएटर राखतो. निशाणा समोरच्याचे पुढचे चाक किंवा नाक. चाकावर नीट बसलेली एक धडक टायरॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, वाकवते आणि ती गाडी नुसती गोल फिरत राहते. स्टीअरिंगच्या आऱ्यांत अंगठे अडकवायचे नाहीत, चाक उसळले की बोटे मोडतात. चालकाच्या दरवाजावर मुद्दाम धडक दिली की बाद. ठरलेल्या वेळेत, अनेक ठिकाणी ६० सेकंदांत, खरी धडक द्यावी लागते. कोपऱ्यात लपून बसणाऱ्यालाही बाद करतात. गाडीवर लावलेली काठी चालकाने स्वतः मोडली की त्याने हार मानली. त्यानंतर त्या गाडीला कोणी शिवायचे नाही. पण पट्टा आणि हेल्मेट काढून बाहेर पडायचे ते पंचांनी खूण केल्यावरच, आगीचा प्रसंग सोडून.

संपादक महोदय, छायाचित्रात गाडी बाहेरून भंगार दिसते आणि आतली टाकी, नळ्या, स्विच कोणाला दिसत नाहीत. तेवढे पाहून कोणी मोकळ्या मैदानात मूळ टाकीसह, काचांसह जुन्या गाड्या एकमेकींवर घातल्या तर काय होईल, हे वरच्या मजकुरावरून उघड आहे. या विषयावर पुन्हा काही छापाल, तेव्हा चेपलेल्या नाकाबरोबर सीटमागच्या टाकीचे आणि स्विचचेही एक छायाचित्र द्यावे, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अग्निशमन पथकाचा उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक