डॅशबोर्डमधून वाफ आली म्हणजे वायरिंग जळालं असं नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घाटात एखादी जुनी गाडी धुरात सापडली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द ठरलेला असतो. गाडी कुणी उघडून पाहिलेली नसते, तरी कारण छापून येतं. सातारा जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, आणि निवृत्तीनंतरही वाईत जुन्या गाड्यांच्या कामातच रमलेला असतो. या एका शब्दाने गाडीमालकांचं फार नुकसान होतं, म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक जोडपं वडिलांच्या हातची, ऐंशीच्या दशकातली गाडी घेऊन पसरणी घाट चढत होतं. गारठा होता म्हणून त्यांनी हीटर लावला. थोड्याच वेळात डॅशबोर्डच्या जाळ्यांतून पांढरे लोट येऊ लागले आणि समोरची काच आतून धुरकटली. रस्त्यावर जमलेल्यांनी ‘वायरिंग पेटलं’ असं सांगून टाकलं. परत गेल्यावर एका गॅरेजने डॅशबोर्ड खोलून सगळं वायरिंग नवं घातलं. पुढच्या खेपेला घाटात हीटर लावताच पुन्हा तेच. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी पुढच्या मॅटिंगखाली हात घातला. मॅटिंग ओलं होतं आणि बोटांना गंजाचा रंग लागला. हीटरचा कोअर गळत होता. वायरिंगचा काहीही संबंध नव्हता.

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला, वहीएवढा छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा आत सोडतो. कोअरला बारीक भोक पडलं की तेच पाणी वाफ होऊन हवेबरोबर तोंडावर येतं. आपल्याकडे हीटर वर्षातून जेमतेम काही दिवस लागतो. एरवी त्याचा कॉक, म्हणजे पाण्याची तोटी, बंद असतो आणि आतलं पाणी महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. त्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं गंजरोधक द्रव, न घालता बोअरचं पाणी भरलेलं असेल तर क्षार आणि गंज मिळून कोअर आतून खातात. मग डिसेंबरात, चढावर इंजिन तापलेलं असताना कॉक उघडला की कोअर तिथेच दगा देतो.

कोअर गळत असेल तर गोडसर वास येतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते खरं आहे, पण तो वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. गाडीत नुसतं पाणी असेल तर वास येतच नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्या नुसत्या पाण्यावर चालतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना नाकाइतकाच हातावर भरवसा ठेवायला शिकवलं. काच आतून कोरड्या फडक्याने पुसायची. चिकट, तेलकट थर फिसकटला तर कूलंट आहे. काच लगेच स्वच्छ होऊन पुन्हा धुरकटली तर पाणी. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची. काटा खाली येऊ लागला आणि बाहेर कुठेच थेंब दिसला नाही, तर आधी हीटर तपासायचा. वायरिंगला हात लावण्याआधी एवढं केलं असतं तर त्या जोडप्याचे पैसे वाचले असते, याचं मला आजही वाईट वाटतं.

पावसाळ्यात एसी लावल्यावर जाळीतून धुकं येतं, त्याने घाबरायचं कारण नाही. ते हाताला गार लागतं, त्याला वास नसतो आणि बाहेरच्या हवेची झडप बंद केली की बहुधा थांबतं. जळक्या ऑइलचा वास येत असेल, तोही गाडी सिग्नलला उभी राहिल्यावर जास्त, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बघावं. तिथून पाझरलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडतं आणि तो निळसर धूर काचेखालच्या जाळीतून आत ओढला जातो.

वायरिंगचा धूर मात्र ओळखू येतो. जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास, डोळ्यांची चुरचुर, आणि बऱ्याचदा ब्लोअर चालू करताच सुरुवात. याचीही कारणं साधी असतात. गाडी झाडाखाली उभी राहते, वाळलेली पानं काचेखालच्या जाळीतून ब्लोअरपर्यंत जातात, उंदीर तिथे घरटं करतात आणि ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या तापलेल्या रेझिस्टरवर हा कचरा धुमसू लागतो. त्याहून वाईट म्हणजे फ्यूज सारखा उडतो म्हणून ८ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं. असं करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, फ्यूजने उडायचं असतं म्हणूनच तो बसवलेला असतो. तो उडू दिला नाही तर जळते ती वायर.

असा उग्र वास आला तर गाडी बाजूला घेऊन इग्निशन बंद करावं आणि आधी सगळ्यांना खाली उतरवावं. बॉनेट धाडकन उघडू नये, हवा मिळाली की आग भडकते. बॅटरीला कट-ऑफ स्विच असेल तर तो फिरवावा. जुन्या गाडीत तो बसवून घ्यावाच. वाफ असेल तर खिडक्या उघडून हीटरचा कॉक बंद करावा आणि पाय डॅशबोर्डखालून काढावेत, कारण ते पाणी पाय भाजण्याइतकं गरम असतं. रेडिएटरचं झाकण तर कुणीही उघडू नये. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच ते उसळून थेट तोंडावर येतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्यावरचं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पुण्यात निभावून गेलेल्या, दाब नीट न धरणाऱ्या झाकणाचा दोष घाटमाथ्यावर दिसून येतो.

कोअर गळतोय हे कळल्यावर घरी पोहोचण्यापुरते हीटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो. बरेच मिस्त्री हे करतात आणि ते योग्यच आहे. पण पुढे कोअर दुरुस्त करायचं राहून जातं. चढावर इंजिन तापू लागलं की हीटर पूर्ण उघडून थोडी उष्णता बाहेर काढता येते. ती सोय मग उरत नाही.

प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून गेली, अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. घरोघरी उरलेल्या अशा गाड्या लोक जिवापाड जपतात. एका चुकीच्या निदानाने घाबरून अशी जपलेली गाडी भंगारात निघालेली मी पाहिली आहे. म्हणून आपल्याला विनंती, की गाडीच्या धुराची किंवा आगीची बातमी देताना तपास झाला नसेल तर ‘कारण समजलेलं नाही’ असंच छापावं. आणि गाडी तपासणाऱ्या मिस्त्रीला किंवा अग्निशमन दलाला नंतर काय सापडलं, ते दोन ओळींत का होईना, पाठपुरावा करून द्यावं.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, वाई